तिसरी फीत

माझे वडील सव्वीस वर्षं पलटणीत होते. त्यातली जेमतेम तीन वर्षं ते घरी राहिले असतील, तीही दोन-दोन महिन्यांच्या तुकड्यांनी. धाकटी बहीण तीन वर्षांची होती तेव्हा ती त्यांना 'पाव्हणे' म्हणायची. "बाप होय तो तुहा," माय तिला दटावायची. "हाव, पण तो जाईन ना," असं तिचं उत्तर. पोरगी काही खोटं बोलत नव्हती.

आमचं गाव वडनेर भोलजी, नांदुरा स्टेशनापासून बैलगाडीनं अडीच तासांवर. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. पलटणीत कुणी गाव विचारलं की बाबा 'सीपी-बेरार' म्हणायचे, आणि घाटावरचे सोबती त्यांच्या बोलीला हसायचे. 'मले-तुले' म्हणणारा माणूस बंदूक तरी सरळ धरतो का, अशी त्यांची थट्टा. बाबा अठराव्या वर्षी साधे शिपाई म्हणून गेले आणि एक फीत, दोन फिती करत हवालदार झाले. फीत म्हणजे बाहीवर शिवलेली पांढरी पट्टी. नाईकाच्या बाहीवर दोन असतात, त्याच्या वरच्या हवालदाराच्या तीन. जर्मनीची लढाई पेटल्यावर ते रजेवर आले तेव्हा ती तिसरी फीत अगदी नवी होती. विहिरीवर बाया मायला 'हवालदारीणबाई' म्हणायच्या. माय 'काहीतरीच' म्हणायची आणि त्या दिवशी पाण्याच्या दोन खेपा जास्त करायची.

घरी आले तरी बाबांच्या अंगातली पलटण जात नसे. पहाटे उठून वाकळा अशा घडी करायचे की रात्री त्या उलगडायला जीव धजत नसे. आम्हा बहिणींना ओळीत उभं करून नखं तपासायचे. वेणीसुद्धा घालून द्यायचे, इतकी ताठ की आमचे डोळे ओढले जायचे. मी चौथीत होते. "पोरीले शाळा कायले?" असं काका म्हणाले, तर बाबांनी त्यांना एका वाक्यात गप्प केलं होतं. "मी तिकडून बोलतो ते घरात कोणाच्या तोंडानं ऐकू येईन?" मायला अक्षरओळख नव्हती. बाबांची पत्रं मीच वाचायची. मला त्याचा गर्व होता, आणि बाबा गेले की पत्र येईपर्यंत त्यांचा रागही यायचा. दोन्ही गोष्टी एकाच पोटात राहायच्या.

त्या रजेत त्यांनी मला घड्याळ वाचायला शिकवलं. शिकवता शिकवता घड्याळावर बोट टेकवून म्हणाले, "पलटणीत हे लेकरू रडलं की सगळ्याईनं उठा लागते. लढाईच्या दिवसात रजेवरून एक रोज उशिरा गेलं, की फीत गेली समज." हे त्यांनी मला सांगितलं होतं, मायला नाही. पुढचं सगळं त्यावरच अडलं.

सोमवारी सकाळी बेळगावच्या छावणीत हजेरी होती. त्यासाठी शनिवारी दुपारची गाडी धरायची होती, आणि शनिवारी नेमकी अमावास्या. शनिवारच्या अमावास्येला घरचा माणूस लढाईवर धाडायचा, हे मायच्या घशाखाली उतरेना. पण सरकारची रजा काही पंचांग बघून संपत नाही. अशा वेळी आमच्याकडे प्रस्थान ठेवतात. जाणाऱ्याची एखादी वस्तू, मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड असं फडक्यात बांधायचं आणि चांगला मुहूर्त बघून वाटेवरच्या एखाद्या घरी ठेवून यायचं. माणूस त्या मुहूर्तावरच निघाला असं धरायचं. मग अमावास्या असो की ग्रहण, जाताना ते गाठोडं उचलायचं आणि पुढं चालू लागायचं.

गुरुवारी सकाळी मायनं नांदुऱ्याच्या रस्त्यावरच्या शेवटच्या घरी प्रस्थान ठेवलं. तिथं एक म्हातारी तिच्या मुलासुनेबरोबर राहायची. म्हातारीनं स्वतःच्या हातानं गाठोडं देव्हाऱ्याजवळच्या खुंटीला अडकवलं आणि "सुखरूप येईन माहा लेक" म्हणाली.

शनिवारी सकाळी बाबा पेटी भरत होते. कपडे झाले, वहाणा झाल्या, आणि मग ते एकदम थांबले. पेटी रिकामी केली. पुन्हा भरली. पुन्हा रिकामी केली. मी दारात उभी होते. बाबांनी एक गोष्ट दोनदा केलेली मी तोवर पाहिली नव्हती.

"मेणकापडाचं पाकीट कोणी हलवलं?"

त्या पाकिटात त्यांची रजेची चिठ्ठी आणि रेल्वेचा पास होता. ते दोन कागद नसले तर भुसावळलाच लष्करी पोलीस पकडतील आणि पळून आलेला शिपाई म्हणून बसवून ठेवतील, हे मलाही ठाऊक होतं.

माय चुलीपाशी भाकरी थापत होती. ती वळलीही नाही. "मी ठेवलं. प्रस्थानात."

"काऊन?"

"मांगच्या खेपेले तुमचं जुनं धोतर ठेवलं होतं. तुमी तीन महिने तापानं दवाखान्यात पडले. जे टाकून द्याचं तेच ठेवलं, मंग देव तरी काय करन? या खेपेले म्हटलं, ज्याच्याबिगर तुमचं पाऊल उचलत नाही ते ठेवाव."

बाबा रागावतील असं मला वाटलं. ते हसले. म्हणाले, "बरं केलं. जाताना उचलाचंच आहे." पेटीला कडी घालून त्यांनी काकांना दमणीला बैल जुंपायला सांगितलं. तेवढ्यात रस्त्याच्या टोकाकडून बायकांचा हंबरडा ऐकू आला. म्हातारी गेली होती.

मायच्या हातातली भाकरी तव्यावर पडली ती तिथंच करपली.  लढाईवर निघालेल्या माणसाचं प्रस्थान मढ्याच्या उशाशी लटकलं होतं.

मी बाबांच्या मागोमाग धावले. म्हातारीच्या दारात अर्धा गाव जमला होता. माजघरात तिला निजवलं होतं आणि तिच्या डोक्याच्या वर, खुंटीला, आमचं गाठोडं दिसत होतं. दारातून जेमतेम पाच पावलं. मुलगा उंबऱ्याशी बसला होता. बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच पाकिटाचं सांगितलं.

"घेऊन जा, हवालदार," तो म्हणाला. "माही ना नाही."

पण आतून म्हातारीची जाऊ म्हणाली, "मढं निघाल्याबिगर घरातली काडी हलत नाही. पिंपळगाव राजाहून तिची लेक येईन, तोंड पाहीन, मंग उचलतीन. मंग काय न्याचं ते न्या."

पिंपळगाव राजाला घोड्यावर माणूस नुकताच गेला होता. लेक बैलगाडीनं येणार म्हणजे दुपार कलणार. बाबांनी घड्याळ काढलं. मीही बघितलं, मला आता ते वाचता येत होतं. लगेच निघालो तर गाडी मिळणार होती. अर्ध्या तासानं निघालो तरी मिळाली असती. त्यानंतर नाही. पुढची गाडी रविवारी सकाळी, म्हणजे सोमवारची हजेरी गेली.

बाबांनी वहाणा काढल्या आणि एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला. कुणी आडवं आलं नाही. म्हातारीची जाऊही नाही. इतक्यात गर्दीतून वाट काढत माय आली. चार माणसांत ती बाबांशी कधी बोलत नसे, त्यांच्या पुढं चालत नसे. तिनं सगळ्यांदेखत त्यांची बाही धरली.

"जाऊ नोका जी. मढ्याच्या उशाचं उचलून लढाईवर जाता? तुमच्या पाया पडते."

"सोमवारची हजेरी हुकते."

"हुकली तं काय होईन?"

मी बाबांकडे पाहिलं. आता ते सांगतील, असं मला वाटलं. एकच वाक्य होतं, आणि ते मला पाठ होतं. माझ्याच तोंडून ते निसटेल की काय या भीतीनं मी ओठ दाबून धरले.

"काही नाही," बाबा म्हणाले. "साहेबाले सांगीन."

त्यांनी पाय मागं घेतला. मायनं बाही सोडली तेव्हा तिथं पिठाचे पाच डाग उमटले होते.

मग जी दुपार गेली ती मला आजही नकोशी वाटते. बाबा बांबू कापायला बसले. तिरडीच्या गाठी त्यांनी पलटणीच्या पद्धतीनं मारल्या, एकही ढिली नाही. मधेच कुणी म्हणायचं, "हवालदार, तुमची गाडी?" ते म्हणायचे, "आहे ना उद्या." त्यांनी पुन्हा घड्याळ काढलं नाही. ते माझ्याकडे दिलं होतं, आणि मी मूर्खासारखी दर घडीला त्यात बघत होते. काटा गाडीच्या वेळेवर आला, पुढं सरकला, आणि काहीच झालं नाही. बैल रवंथ करत होते. मला मायचा इतका राग आला की मी तिच्या शेजारी उभी राहिले नाही. म्हातारीला आणखी एक दिवस जगायला काय झालं होतं, असंही मनात आलं. लहान होते, पण असं मनात आलं होतं हे खरं आहे.

लेक आली तेव्हा उन्हं कलली होती. बाबांनी खांदा दिला, विहिरीवर आंघोळ केली आणि ओल्या केसांनी परत आले. गाठोडं मायनं अंगणाबाहेरच सोडलं, पाकिटावर गोमूत्र शिंपडलं आणि लांबूनच बाबांच्या हातावर ठेवलं. एका दृष्टीनं ती शांत झाली होती. बाबांनी बहिणीला उचललं, माझी वेणी ओढली, आणि रात्र स्टेशनावर काढतो म्हणून दमणीत बसले. तार करतो, काळजीचं कारण नाही, असं जाता जाता मोठ्यानं म्हणाले. ते माझ्यासाठी नव्हतं.

पत्र आलं ते महिन्याभरानं. दोन पानं होती. संध्याकाळी माय हात पुसून माझ्यासमोर बसली. मी पहिलं पान वाचलं. खुशाली, बैलांची चौकशी, बहिणीचा खोकला. पान उलटलं आणि वरच्याच ओळीत लिहिलं होतं, 'इथून पुढे मनात वाच. आईला सांगू नको.'

तोंड उघडलेलं होतं. ते बंद करायलाही उसंत नव्हती. डोळे खाली धावत होते. 'मी मंगळवारी पोचलो. पलटण सोमवारीच बंदराकडे निघून गेली होती. आता मागच्या तुकडीबरोबर जाईन. साहेबांनी कारण विचारलं. चूक माझी, एवढंच सांगितलं. तिसरी फीत काढून घेतली. परत मिळवीन. तुझ्या आईला कळलं तर ती हे जन्मभर उराशी धरील. तू शहाणी आहेस.'

मी शहाणी नव्हते. मी दहा वर्षांची होते.

"काय लिवलं?" माय म्हणाली.

"तिकडं पाऊस लय आहे म्हणते," मी म्हणाले. "आणि... भात देतात. भाकर भेटत नाही."

"आन् उशीर झाला त्याचं?"

"साहेब काही बोलले नाही म्हणते."

"एवढं पान भरून पाऊस अन् भातच?"

"हाव."

तिनं पत्र माझ्या हातातून घेतलं, उलटं-सुलटं पाहिलं आणि कुंकवाच्या डबीखाली ठेवलं. त्यानंतर दीड वर्षं मी प्रत्येक पत्र आधी एकदा मनात वाचायची आणि मगच तोंड उघडायची. विहिरीवर कुणी 'हवालदारीणबाई' म्हटलं की मी अर्धीच घागर उचलून निघायची. माय हसायची. तिचं ते हसू मला बघवत नसे, आणि तिच्यावरचा राग कधी विरून गेला ते कळलंही नाही. त्याच्या जागी भीती आली. शाळेत कुणी माझ्याकडे रोखून पाहिलं तरी वाटायचं, याला कळलं.

दीड वर्षानं बाबा आले ते कळवून नाही आले. भर दुपारी अंगणात उभे. वाळलेले, काळवंडलेले. बहीण त्यांच्याकडे बघून माझ्यामागं लपली. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. मी बाही पाहिली. तीन फिती होत्या.

परत मिळाली! मी आनंदानं उडीच मारणार होते. पण जवळ गेले तेव्हा दिसलं की वरची फीत खालच्या दोघींपेक्षा पांढरी होती आणि तिचा दोरा काळा होता. खालच्या दोघींना खाकी दोरा, बारीक एकसारखे टाके. वरचीचे टाके लांब-लांब, वाकडे. दुसऱ्या बाहीवरही तसंच.

संध्याकाळी विहिरीवर त्यांना एकटं गाठलं. "बाबा, ही कुठली?"

त्यांनी दोर ओढून घागर वर घेतली. "भुसावळले घेतली. गाडीत शिवली."

"कोणी पाह्यलं तं?"

"तं उरलेल्या दोन बी जातीन. अन् मंग मी बी." त्यांनी घागर कठड्यावर ठेवली. "तुही माय दारात उभी राहीन अन् पहिले बाहीकडे पाहीन, हे मले तिकडं रोज दिसे. दोन फिती घेऊन तिच्यापुढं उभं राहाची माही हिंमत झाली नाही, माय."

मला ते माय म्हणाले. ज्यांनी आयुष्यात सरकारची सुई कधी घरी आणली नाही, त्यांनी खोटी फीत लावून सगळ्या गावातून चालत यावं, याची मला लाज वाटली. आणि त्यांच्यावर इतकी माया आली की रडू आवरेना.

ती रजा कशी गेली ते विचारू नका. बाबा डगला अंगावरून उतरवतच नव्हते. माय धुवायला मागायची, ते म्हणायचे, "मी धुतो, पलटणीची सवय." नांदुऱ्याला एक पेन्शनर सुभेदार राहायचे, ते भेटायला येणार असं काकांनी सांगितलं, तर बाबा दोन दिवस शेतातच राहायला गेले. दाराशी वहाणांचा आवाज झाला की मी आधी बघून यायची. रात्री जेवताना चिमणीच्या उजेडात मायची नजर बाहीवर गेली की मी मुद्दाम पाणी सांडायची. एकदा तिनं माझ्या पाठीत धपाटाही घातला.

निघायच्या आदल्या दिवशी बाबा आंघोळीला गेले आणि मायनं खुंटीवरचा डगला काढून नेला. मी शाळेतून आले तेव्हा ती ओसरीवर उजेडाला बसली होती. डगला मांडीवर होता. मी पाटी टाकून हात पुढं केला.

"मायवं, दे, मी धुते."

"धुवाचा नाही," ती म्हणाली. तिच्या हातात सुई होती. ती काळे टाके एकेक करून उसवत होती, कापडाला ओढ बसू न देता. एक फीत उसवून झाली. तिनं दुसरी बाही मांडीवर घेतली.

बाबा ओलेत्यानं येऊन दारात उभे राहिले.  बहीण अंगणात कोंबडीमागं धावत होती.

"मले वाचता येत नाही," माय शेवटी म्हणाली. तिनं मान वर केली नाही. "शिवण येते. तुमी अंगणात उभे होते तवाच पाह्यलं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "अन् हे पोरगी त्या दिवशी पान उलटून गप्प झाली तवाच समजलं होतं. काय गेलं ते तेवढं समजलं नव्हतं."

"मंग बोलली काऊन नाही?" बाबांनी विचारलं.

"तुमी एवढं लपवून राह्यले होते," ती म्हणाली. "मोडवलं नाही माह्याच्यानं."

बाबा तिथंच पायरीवर बसले. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी त्यांना रडताना पाहिलं ते तेवढंच. माय उठली नाही, त्यांच्याजवळ गेली नाही. तिनं दुसरी फीत उसवली, टाक्यांची भोकं दिसू नयेत म्हणून कापड ओलं करून नखानं घासलं, आणि निखाऱ्याचा तांब्या बाहीवरून फिरवला. "उद्या गाडीत चढता चढता उसवत बसले असते," ती म्हणाली. "कोणी पाह्यलं असतं तं?"

दुसऱ्या दिवशी दमणी नेहमीसारखी घरापुढं आलीच नाही. मायनंच काकांना ती वेशीपाशी उभी करायला सांगितली होती. सकाळची वेळ, सगळं गाव दारात. बाबा दोन फितींचा डगला घालून बाहेर पडले आणि माय, जी त्यांच्या दहा पावलं मागून चालायची, ती डोक्यावरचा पदर नीट करून त्यांच्या बरोबरीनं, त्या बाहीला लागून चालू लागली.

"हवालदार, निघाले का?" कुणीतरी ओट्यावरून विचारलं.

बाबा थबकले. उत्तर मायनं दिलं.

"हवालदार नाही, नाईक," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "माह्यापायी."